सोयऱ्यांचं आजारपण

मराठी साहित्यात झाड मरतं ते बहुतेक वेळा कुऱ्हाडीने. क्वचित वादळाने, वीज पडून, रस्ता रुंद होताना किंवा धरणाच्या पाण्यात. या सगळ्या मरणांत मारणारा दिसतो. ठेकेदार असतो, वाटणी मागणारा धाकटा भाऊ असतो, बिल्डर असतो, कुणीच नसेल तर आभाळ असतं. कथाकाराला ते सोयीचं पडतं, कारण एका बाजूला घाव घालणारा हात आणि दुसऱ्या बाजूला मुकं झाड ठेवलं की प्रसंग आपोआप उभा राहतो. पण झाड आजारी पडलं, वीसतीस वर्षं आतून कुजत गेलं आणि त्या काळात त्याच्या आजूबाजूचं रान बदलत गेलं, असं मराठीत मी फारच कमी वाचलं आहे. तुकोबांनी झाडांना सोयरे म्हटलं. तो शब्द आपण वृक्षारोपणाच्या प्रत्येक फलकावर रंगवला. सोयऱ्यांकडे आपण लग्नकार्याला जातो तसे आजारपणातही जातो. या सोयऱ्यांच्या बाबतीत मात्र आपण फक्त बहराला आणि मयताला हजर असतो.

ही नुसती साहित्यातली उणीव असती तर चाललं असतं. पण जंगल कसं घडतं याची आपली समजूत त्यामुळे अर्धी राहते, आणि झाडं करपलेली दिसली की पुढे काय करायचं हेही आपण त्याच अर्ध्या समजुतीतून ठरवतो.

मराठीला झाडांचे रोग दिसत नाहीत असं म्हणावं, तर शेतकऱ्याची भाषा लगेच खोटं पाडते. तांबेरा, करपा, भुरी, मर, केवडा, लाल्या. संत्र्या-मोसंबीवरचा डिंक्या, डाळिंबावरचा तेल्या. एकेका शब्दात रोगाचं लक्षण नेमकं पकडलेलं आहे. तेल्या म्हटलं की पानाफळांवरचा तेलकट डाग डोळ्यांसमोर येतो, भुरी म्हटलं की पिठासारखा थर. 'केवडा' हे तर रोगाला दिलेलं सुगंधी फुलाचं नाव. पण हे सगळे शब्द बांधाच्या आतले आहेत. ज्या झाडापासून उत्पन्न मिळतं त्याच्या दुखण्याला नाव मिळालं. ऐन, किंजळ, बेहडा, हिरडा यांच्या खोडात जे चालतं त्याला लिखित मराठीत एकच मोघम शब्द उरतो: 'कीड लागली'. रोग म्हणजे नुकसान, ही शेतीतली व्याख्या आपण जशीच्या तशी रानात नेली. रानात नुकसान नेमकं कुणाचं, हा प्रश्न तिथे विचारलाच गेला नाही.

बांडगुळाचं उदाहरण बघा. आंब्याच्या फांदीत मूळ रोवून तिचं पाणी पिणारी ही वनस्पती आंबेवाल्याला नकोशी वाटणं साहजिक आहे. पण मराठीने त्या शब्दाची थेट शिवी केली. दुसऱ्याच्या जिवावर जगणारा तो बांडगूळ. अग्रलेखांत, भाषणांत, मध्यमवर्गावरच्या टीकेत हा शब्द इतका वापरला गेला की मूळ वनस्पतीकडे बघायची गरज संपली. तिच्या नळीसारख्या फुलांवर शिंजीर येतात. तिची चिकट फळं फुलटोच्या नावाचा अंगठ्याएवढा पक्षी खातो, बी त्याच्या पोटातून बाहेर पडतं तेही चिकटच असतं, आणि ते पुढच्या फांदीला चिकटवून तो उडून जातो. बांडगूळ यजमान झाडाला दुबळं करतं हे खरं, आणि त्याच वेळी रानातल्या काही पक्ष्यांना जगवतं हेही खरं. शिवीत यातलं पहिलं वाक्य तेवढं मावतं.

आता ढोली. हा शब्द मराठी ललित लेखनाचा लाडका आहे. पोपटाची ढोली, घुबडाची ढोली, आजोळच्या चिंचेची ढोली. पण ढोली आली कुठून, हे विचारणारा ललित लेख माझ्या आठवणीत नाही. ती झाडाला जन्मतः नसते. फांदी मोडते, खोडाला जखम होते, तिथून बुरशी आत शिरते आणि खोडाच्या मधलं लाकूड खाऊ लागते. मधलं लाकूड तसंही मृतच असतं, जिवंत व्यवहार सालीलगतच्या पट्ट्यात चालतो. म्हणून गाभा पोखरला गेला तरी झाड पुढे अनेक दशकं पालवत, फळत राहू शकतं. ढोली म्हणजे जिवंत झाडाच्या आत चाललेला एक लांबलचक आजार. कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या धनेशांचं घर या आजारावर उभं आहे. धनेशाची चोच केवढीही दिसली तरी सुतारपक्ष्यासारखं खोड कोरणं तिला जमत नाही. त्याला मोठ्या झाडातली आयती पोकळीच लागते. मादी आत बसते, दार लिंपून घेते, फटीएवढी जागा ठेवते आणि नर महिनोन्‌महिने बाहेरून फळं भरवतो. पुढे हेच पक्षी मोठ्या बियांची फळं गिळून त्या बिया दूरवर टाकतात आणि तिथे झाडं उगवतात. बुरशीपासून बीपर्यंतची ही साखळी आहे. तिच्यातली पहिली कडी काढली, म्हणजे रोगट झाडं काढून रान 'साफ' केलं, तर शेवटची कडी कधीतरी निखळतेच. फक्त ती निखळताना कुणी बघत नसतं, कारण मध्ये पन्नास वर्षं गेलेली असतात.

मला वाटतं खरी अडचण याच पन्नास वर्षांची आहे. आपल्या निसर्गलेखनाला वर्ष पेलतं, पन्नास वर्षं पेलत नाहीत. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६ साली आलं आणि मराठीत निसर्गाकडे कसं बघायचं याचा साचा ठरला. चैत्र ते फाल्गुन, बारा लेख, बारा महिने. त्या पुस्तकाचं ऋण कुणीही नाकारू नये. रस्त्याकडेच्या झाडालाही महिना असतो, हे कित्येकांना त्यातून कळलं. पण चक्राची अट अशी की ते पूर्ण व्हावं लागतं. पान गळलं की पालवी यायलाच हवी, फाल्गुन संपला की चैत्र. या रचनेत शिशिरातली उघडी फांदी कधीच काळजीचं कारण होत नाही, कारण पुढचं पान आधीच ठरलेलं असतं. रोग चक्रात फिरत नाही. तो सरळ रेषेत जातो. गेल्या चैत्रात दहा फांद्यांना पालवी होती, यंदा नऊ, पुढल्या वर्षी आठ. कोणताही एक महिना घेतला तर सगळं ठीकच दिसतं. (आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं आहे. थोडी थोडी मेमरी गळणारा प्रोग्राम रोजच्या आलेखात निरोगी दिसतो.) 'ऋतुचक्रा'नंतर त्या धर्तीवर जे ललित लेखन झालं, त्याने दुर्गाबाईंची नजर थोडी आणि त्यांचं पंचांग जास्त घेतलं. बहावा फुलला की बहाव्यावर लेख, पांगारा फुलला की पांगाऱ्यावर. दरवर्षी तोच बहावा. तो मागच्या वर्षीपेक्षा कमी फुलला का, याची नोंद नाही.

मारुती चितमपल्लींकडून मात्र वेगळी अपेक्षा होती. वनखात्यातली साडेतीन दशकांची नोकरी, कर्नाळ्यापासून नवेगावबांध, नागझिरा, मेळघाटपर्यंतचा मुक्काम, आदिवासी जाणकारांशी मैत्री आणि शब्दांचा अफाट साठा. सारंगागार, काकागार यांसारखे शब्द त्यांनी मराठीत रुळवले, पक्षिकोश केला, प्राणिकोश केला. २०२५च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा त्यांच्याबद्दल बरंच लिहिलं गेलं, आणि त्यांच्यामुळे मराठी वाचकाला जंगलाची भाषा मिळाली, असा त्याचा एकूण सूर होता. तो बरोबरच आहे. पण ती भाषा पाहण्या-ऐकण्याची आहे: चाहूल, माग, हाक, गंध. पक्षी आणि प्राणी हलतात, म्हणून ते त्यांच्या गद्याला हलवतात. एकाच जागी उभ्या असलेल्या, वर्षाला दोन बोटं कुजणाऱ्या खोडाला त्या गद्यात बसायला जागा नव्हती. हा त्यांचा दोष म्हणून सांगत नाही. इतक्या शब्दांच्या धन्यालाही इथे पोकळी राहिली, यावरून ती किती खोल आहे ते कळावं.

ही पोकळी भरता येते का? एक प्रयत्न इंग्रजीत झाला आहे. रिचर्ड पॉवर्सची 'द ओव्हरस्टोरी' (२०१८, पुढच्या वर्षी पुलित्झर) ही कादंबरी होएल कुटुंबाच्या चेस्टनटपासून सुरू होते. नॉर्वेहून आलेला एक माणूस न्यू यॉर्ककडून चेस्टनटच्या बिया खिशात घालून आयोवाला जातो. तिथे लावलेल्यांपैकी एक झाड तगतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचा मुलगा दर महिन्याला एकाच जागेवरून त्या झाडाचा फोटो काढायला लागतो आणि पुढच्या पिढ्या ते चालू ठेवतात. घरातले जन्म, मृत्यू, भांडणं, युद्धं सगळी चौकटीबाहेर. चौकटीत फक्त झाड. फोटोंची चळत अंगठ्याने भरभर उलटली की झाड वाढताना दिसतं. ही युक्ती मला फार मोलाची वाटते. झाडाचा काळ माणसाच्या डोळ्याला दिसेल असं यंत्र पॉवर्सने गोष्टीतच बसवलं. कॅलेंडर महिन्याचंच, पण पंचांगासारखं गोल न फिरणारं.

त्याच वेळी दूर पूर्वेकडे जे चाललं होतं ते खरं घडलेलं आहे. १९०४ साली न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात चेस्टनटच्या सालीवर व्रण दिसले. आशियातून आलेल्या झाडांबरोबर एक बुरशी आली होती, क्रायफोनेक्ट्रिया पॅरासिटिका. चीन-जपानच्या चेस्टनटांनी तिच्याबरोबर राहणं केव्हाच शिकून घेतलं होतं. अमेरिकेतल्या चेस्टनटला ती सर्वस्वी नवीन होती. पन्नासेक वर्षांत सुमारे साडेतीन ते चार अब्ज झाडं गेली. अपालाचियन डोंगरांत काही भागांत दर चार झाडांतलं एक चेस्टनट होतं. बुरशी मुळांना मारत नाही, त्यामुळे आजही जुन्या बुंध्यांतून धुमारे फुटतात, मनगटाएवढे होतात आणि पुन्हा व्रण पडून वाळतात. जात संपली नाही, पण तिची मोठी झाडं जंगलातून संपली.

इथे पॉवर्सशी माझं भांडण आहे. त्याने नायक म्हणून जे झाड निवडलं ते जंगलात नाहीच. आयोवातलं ते चेस्टनट आपल्या मुलखाबाहेर, एकटं, शेतात उभं आहे, आणि एकटं आहे म्हणूनच इतकी वर्षं रोगापासून वाचतं. म्हणजे जंगलाच्या आजारावरची इतकी गाजलेली गोष्ट जंगलाबाहेर घडते. चेस्टनट गेल्यावर त्या डोंगरांचं काय झालं, हा माझ्या मते जास्त मोठा प्रश्न होता. जंगल उजाड झालं नाही. मोकळ्या जागा ओक आणि मेपलने घेतल्या. लांबून डोंगर हिरवाच दिसत राहिला. पण चेस्टनट दरवर्षी भरवशाने फळायचं, ओकचं पीक एका वर्षी उदंड तर दुसऱ्या वर्षी नगण्य. अस्वलांपासून खारींपर्यंत सगळ्यांच्या हिवाळ्याचा हिशेब त्यामुळे बदलला. फक्त चेस्टनटवर जगणारे काही पतंग नाहीसे झाले. यात शोकांतिका आहे, पण नायक नाही, म्हणून कादंबरीला ती हाताळायला जड गेली असावी. आणखी एक गोष्ट. रोग यायच्या आधीच 'तसंही मरणार आहे, निदान लाकूड तरी मिळू दे' म्हणून निरोगी चेस्टनटही तोडली गेली. त्यांत रोगाला तोंड देऊ शकणारी काही असतील तर तीही गेली. इथे कुऱ्हाड आणि रोग एकाच बाजूला होते.

हे वाचताना मला अमेरिकेपेक्षा मंडला आठवत होतं. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती तेव्हा मंडल्याची सालवनं नागपूरच्याच कारभाराखाली होती, आणि १९२०च्या दशकात तिथे साल पोखरणाऱ्या भुंग्याची मोठी साथ आली होती. तीच साथ १९९७-९८मध्ये पुन्हा आली. हा भुंगा तिथलाच, सालाचा जुना शेजारी. एरवी तो दुबळ्या झाडांवर निभावतो. साथीत धडधाकट झाडंही सोडत नाही. त्याला पकडायची पद्धत मोठी चतुर आहे. सालाचे ओंडके ठेचून ठेवायचे, त्यांच्या रसाच्या वासाने भुंगे येतात, ते वेचायचे. गावकऱ्यांना भुंग्यामागे पैसे मिळत. पण त्याबरोबर लाखो झाडं तोडली गेली, आणि वाचू शकणारी झाडंही त्यांत गेली का, यावर मोठा वाद झाला. शेजारच्या राज्यातल्या, कधीकाळी आपल्याच प्रांतातल्या या घटनेवर मराठीत एखादी कादंबरी सहज व्हायला हवी होती. खलनायक कोण, हे पहिल्या प्रकरणात ठरवता येत नाही, म्हणून ती झाली नसेल का?

उष्ण प्रदेशातल्या जंगलांबाबत तर रोगाला खलनायक करणं आणखी कठीण आहे. १९७० साली डॅनियल जॅन्झेन आणि १९७१ साली जोसेफ कॉनेल यांनी वेगवेगळे एकच तर्क मांडला. आईझाडाखाली त्याच जातीच्या बिया आणि रोपं दाटीने असतात, म्हणून त्या जातीचे खास किडे आणि बुरश्याही तिथेच साचतात. जवळची पोरं मरतात, दूर पडलेली जगतात आणि मधल्या जागेत दुसऱ्या जातींना वाव मिळतो. एकच झाड सगळं रान बळकावू शकत नाही, याचं एक कारण त्याचे रोग आहेत. बेलीझच्या जंगलात हे तपासून पाहिलं गेलं आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जिथे बुरशीनाशक फवारलं तिथे रोपांमधली विविधता घटली. रोग आवरला आणि रान गरीब झालं. देवराईत हाताच्या अंतरावर चार जातींची झाडं दिसतात तेव्हा आपण देवाच्या धाकाला श्रेय देतो. कुऱ्हाड रोखल्याचं ते श्रेय योग्यच आहे, पण त्या चार जाती शेजारी शेजारी आणण्यात मातीतल्या बुरश्यांचाही वाटा असणार.

याच्या उलट टोकाला सागाची लागवड. एकच जात, एकाच वयाची, ओळीत. सागाची पानं खाणारी एक अळी आहे, हायब्लिया प्युएरा. केरळात निलांबूरला सागाच्या कोवळ्या लागवडीत अभ्यास झाला तेव्हा तिच्यामुळे लाकडाची संभाव्य वाढ ४४ टक्क्यांनी घटते असं आढळलं. अळी तीच, पण आपण तिला पंगत मांडून दिली.

ही अळी मला निलांबूरला जाऊन बघावी लागत नाही. ती कोपरच्या खाडीवर येते. दिवा आणि कोपर स्टेशनांच्या मध्ये लोकलमधून खाडीलगतची तिवरं दिसतात. मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यावर पावसाळा सरता सरता कधी कधी तिवरांचे पट्टेच्या पट्टे जाळल्यासारखे तपकिरी होतात. सागावरची हीच अळी तिवराची पानं फस्त करते. डोंबिवलीकराला पहिली शंका रसायनाची येते आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. ज्या गावाने २०१४मध्ये हिरवा पाऊस आणि २०२०मध्ये गुलाबी रस्ता पाहिला, त्याने करपलेलं झाड बघून आणखी कशाची शंका घ्यावी? पण या तपकिरी तिवरांना काही आठवड्यांत नवी पानं येतात. अळ्यांना पक्षी खातात, गांधीलमाश्या खातात, त्यांच्यात विषाणूची साथ पसरते. खाल्लेली पानं विष्ठेच्या रूपाने चिखलात जातात आणि खाडीच्या कामी येतात. घाबरून कुणी फवारणी केली तर त्या चिखलातले खेकडे आणि कोळंबीची पिल्लं आधी मरतील.

तिवरं दुसऱ्या तऱ्हेनेही तपकिरी होतात. कुणीतरी रात्री राडारोडा आणून टाकतं, छोटा बांध घालतं, भरतीचं पाणी अडतं, चिखलातून वर आलेली श्वसनमुळं गाडली जातात. झाडं उभ्याउभ्या वाळतात आणि परत पालवत नाहीत. मग जागा 'पडीक' होते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५मध्ये तिवरतोडीला मनाई केली, २०१८मध्ये ती पक्की केली. कुऱ्हाड लावायची चोरी झाल्यावर गुदमरवणं सोयीचं. 'झाडं आपोआप वाळली, रोग पडला' असं म्हणायची सोयही त्यात आहे. लोकलच्या दारातून दोन्ही तपकिरी रंग सारखेच दिसतात. एकाला हात लावायचा नाही, दुसऱ्यासाठी त्याच दिवशी तक्रार करायची, आणि हा फरक सांगणारी साधी भाषा आपल्याकडे नाही.

मुंबईच्या विलायती शिरीषांच्या वेळीही हेच झालं. गेल्या दशकात हे मोठे पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणाने पोखरले आणि एकामागून एक वठले. तेव्हा एक बाजू कीड म्हणत होती, दुसरी बुंध्यापर्यंत ओतलेलं काँक्रीट म्हणत होती. दोन्ही मिळून म्हणायला वाक्यच नव्हतं. अमेरिकेहून आणलेलं झाड, एकाच जातीच्या रांगा, मुळांवर काँक्रीट आणि मग ढेकूण, हे सगळं एका गोष्टीत यायला हवं होतं. बातम्यांत ते तुकड्यातुकड्यांनी आलं आणि झाडांच्या जागी दुसरी रोपं लागली की विषय संपला.

मला ज्या मराठी पुस्तकाची वाट बघायची आहे त्यात एखादं नावाजलेलं झाड नसलं तरी चालेल. कोकणातला एखादा पोकळ बेहडा असावा, ज्याचं लाकूड आता फळीच्या कामाचं नाही म्हणून मालक त्याला जळणाच्या भावात द्यायला निघाला आहे. ढोलीत धनेशाची मादी बसली आहे हे त्याला माहीत आहे. लेखकाने त्या मालकाला दुष्ट करू नये, बुरशीलाही करू नये, आणि पक्षी उडाल्यावर थांबू नये. पुढची तीस वर्षं लिहावीत.